जिंकलेल्या डावातली चूक

आजचा भाग एका बुद्धिबळाच्या डावाबद्दल आहे, आणि तो डाव फक्त सात चालींचा आहे. दोन रील बघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात संपतो. पण त्यात एक गंमत आहे. जो जिंकला त्यानेच आधी मोठी चूक केली होती. आणि अगदी तीच चूक साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका नावाजलेल्या खेळाडूनेही केली, असं सांगतात. जमलं तर फोनवर बुद्धिबळाचं कुठलंही ॲप उघडून पट समोर ठेवा. लोकलच्या दारात उभे असाल तर राहू द्या, मी सावकाश सांगते.

डाव झाला वरळीला, बीडीडी चाळीच्या पॅसेजमध्ये. हा पॅसेज काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं, कारण तो नसता तर डाव झाला असता, पण डावानंतरचं काहीच झालं नसतं.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात हे खातं निघालं आणि त्याने ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. तेवढ्या काही झाल्या नाहीत. झाल्या त्या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे तेव्हाच्या डिलाईल रोडवर, ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच पडून होत्या, आणि १९३० च्या दशकात सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग म्हणून वापर केला. ती एक वेगळीच गोष्ट आहे, तिचा भाग नंतर कधीतरी करू.

गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणाल तर तुम्हाला बाहेरच्या बाजूने जाणारी लाकडी गॅलरी दिसेल. बीडीडी तशी नाही. इथे इमारतीच्या मधोमध लांबलचक पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, आणि मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास. बाहेरचं काही दिसत नाही, दिसतात ती समोरची दारं. १६० चौरस फुटांत पाच-सहा माणसं असली की घराचा अर्धा संसार पॅसेजमध्ये येतो. सायकल तिथे, वाळवण तिथे, अभ्यास तिथे, कॅरम तिथे. आणि कोणी पट मांडला की तो दोघांचा राहत नाही. येणारा-जाणारा थांबतो, वाकून बघतो, आणि बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात मी तिथे चाळीच्या आठवणी रेकॉर्ड करायला गेले होते. बाहेर धो धो पाऊस, जांबोरी मैदानात तळं साचलेलं. पॅसेजमध्ये दोघं खेळत होते. एक कुरियरचं काम करणारा विशी-बाविशीचा दादा, पावसामुळे अडकलेला. त्याच्यासमोर आठवीतला एक मुलगा. दादाकडे पांढरी मोहरी, पोराकडे काळी.

डाव असा गेला. दादाने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, ई४. पोरानेही तेच केलं, ई५. दादाचा घोडा एफ३ वर आला, ई५ च्या प्याद्यावर नजर ठेवून. पोराने डी६ खेळून प्याद्याला आधार दिला. दादाचा उंट सी४ वर. पोराचा घोडा सी६ वर. हा सी६ चा घोडा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. दादाचा दुसरा घोडा सी३ वर. पोराने उंट जी४ वर आणला आणि दादाचा एफ३ चा घोडा जखडला. म्हणजे काय, तर त्या घोड्याच्या मागे डी१ वर दादाचा वजीर आहे. घोडा हलला की उंट वजीर खाणार.

आणि पाचव्या चालीला दादाने तोच घोडा हलवला. ई५ चं प्यादं मारलं. वजीर उघडा!

पोराचे डोळे चमकले. त्याने क्षणभरही न थांबता वजीर उचलला. दादाने सी४ चा उंट एफ७ वर मारला, शह. पोराचा राजा ई७ वर गेला, दुसरं घरच नव्हतं. दादाने सी३ चा घोडा डी५ वर ठेवला. मात. सात चाली, आणि वजीर खिशात असताना पोराचा राजा मेला.

दादाने टाळी वाजवली. पोरगं लाल झालं. 'मला येतच नाही हा खेळ,' असं पुटपुटत ते सोंगट्या डब्यात भरायला लागलं.

आपल्याकडे हौशी डाव इथेच संपतो ना? जिंकणारा उठतो, हरणारा पुन्हा मांडतो किंवा डबा बंद करतो. पण समोरच्या दारात बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, 'अरे भरतोस काय? मांड परत. पाचव्या चालीपर्यंत मांड.'

पोराने मांडायच्या आधी फोन काढला. सात चालीच तर होत्या, पटापट ॲपमध्ये टाकल्या आणि ॲनालिसिसचं बटण दाबलं. दोन्ही बाजूंच्या पाचव्या चालीसमोर प्रश्नचिन्हं आली. पोराच्या चालीला येणारच. पण दादाच्या चालीला पण? दादा म्हणाला, 'ॲप येडं आहे, मी जिंकलो ना!'

काकांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पोराला विचारलं, 'पाचव्या चालीला तुला काय दिसलं?'

'वजीर.'

'आणि?'

'आणि काय, काका? वजीर!'

मग दादाकडे वळून, 'आणि तुला सी६ वरचा घोडा दिसला होता का रे?'

दादा थोडा थांबला. मग म्हणाला, 'नाही ओ काका. हा ट्रॅप आहे. रीलमध्ये बघितलेला.'

आता पट बघा. दादाचा घोडा ई५ वर येऊन बसलाय. पोराचा सी६ चा घोडा त्याला सरळ मारू शकतो. मारला की हा काळा घोडा ई५ वर येतो, आणि तिथून तो जी४ च्या आपल्या उंटाला आधार देतो. म्हणजे दादाने चिडून वजिराने उंट मारला तर घोडा वजीर खाणार. शिवाय तो घोडा सी४ च्या उंटावरही डोळा ठेवून आहे. दादाचा वजीर वाचेल, उंटही वाचेल, पण गेलेला घोडा काही परत येणार नाही, त्याच्या बदल्यात हाती फक्त एक प्यादं. थोडक्यात, ज्या क्षणी पोरगं हरलं असं सगळ्यांना वाटत होतं, त्या क्षणी ते खरं तर जिंकायच्या वाटेवर होतं. एक मोहरं पुढे. त्याने फक्त हावरटपणा सोडून दुसरी चाल शोधायला हवी होती.

रीलमधला ट्रॅप मग खोटा होता का? नाही. तिथे काळ्याचा घोडा सी६ वर नव्हता, तो अजून आपल्या मूळ घरात होता. काळ्याने घोड्याऐवजी जी६ चं प्यादं सरकवलं होतं. तेव्हा ई५ चा घोडा मारायला फक्त डी६ चं प्यादं उरतं. प्याद्याने मारलं की जी४ च्या उंटाला कुणाचाच आधार नाही, पांढरा वजीर तो खाऊन टाकतो आणि एक प्यादं जास्त घेऊन मोकळा होतो. फरक एका घोड्याचा. बाकी पट डिट्टो तोच. दादाला ट्रॅपचं चित्र पाठ होतं, कारण माहीत नव्हतं.

आणि इथून आपण पॅरिसला जातो.

या सापळ्याला 'लेगालची मात' म्हणतात. लेगाल हे अठराव्या शतकातले पॅरिसमधले मोठे खेळाडू. कॅफे द ला रेजॉन्स नावाच्या कॉफीच्या दुकानात बसून खेळायचे. त्यांनी १७५० च्या आसपास सेंट ब्री नावाच्या एका गृहस्थांना असंच वजीर देऊन मात केलं, अशी कथा आहे. पुस्तकांत आणि ॲपच्या धड्यांत हा डाव सहसा जी६ वाल्या, निर्दोष रूपात देतात. पण त्याची आणखी एक आवृत्ती सांगितली जाते, आणि खरा डाव तसाच झाला असावा असं अनेकांना वाटतं. त्या आवृत्तीत काळ्याचा घोडा सी६ वर आहे. म्हणजे वरळीच्या पॅसेजमधलीच स्थिती! लेगालनी वजीर दिला तेव्हा सेंट ब्री यांना घोड्याने घोडा मारून डाव फिरवता आला असता. त्यांनीही वजीरच खाल्ला.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे की डाव नंतर सुधारून घेतला गेला. जिंकणाऱ्याची चूक दिसली तशी कोणीतरी घोडा परत घरी ठेवला आणि गोष्ट गोंडस करून टाकली. हरणाऱ्याची चूक जगभर शिकवतात, जिंकणाऱ्याची पुसून टाकतात. दादाचं 'मी जिंकलो ना' आणि हे, दोन्ही एकाच जातीचं.

याच लेगालचा शिष्य होता फिलिदोर. पेशाने संगीतकार, ऑपेरा लिहायचा. १७४९ मध्ये त्याने बुद्धिबळावर जे पुस्तक काढलं त्याच्या नावातच 'विश्लेषण' हा शब्द आहे. त्याच्या आधीच्या पुस्तकांत बहुतेक सापळे आणि कोडी असायची: अशी चाल आली तर अशी मारा. फिलिदोरने लांबच लांब डाव दिले आणि चालींखाली कारणं लिहिली. हे प्यादं का सरकवलं, ते मोहरं का मागे घेतलं. आज आपण ज्याला गेम रिव्ह्यू म्हणतो त्याचा खापरपणजोबा म्हणा.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? बुद्धिबळ तर आपलंच.

आपल्याकडे खेळ जुना, पण नियम थोडे निराळे होते. प्रांताप्रांतात फरक होते, तरी मोठी गोष्ट अशी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदाच, तेही शह बसण्याआधी, घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की सहसा ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं तेच मोहरं व्हायचं, थेट वजीर नाही. दोन घरांची उडी नसल्याने डाव हळू उलगडायचा. सात चालींत काय, सतरा चालींतही कोणी मरायचं नाही.

१८१४ मध्ये, म्हणजे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू असताना, मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचं ते इंग्रजी रूप, युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं. इतक्या लवकर मुंबईत बुद्धिबळावर छापील पुस्तक निघालं होतं, हेच पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण त्यात आहे काय? मुख्यतः स्थिती. अमुक मोहरी अमुक ठिकाणी, आता मात कशी करायची. सुंदर कोडी आहेत. शिकणाऱ्याची बुद्धी आणि स्मरण वाढावं, असा हेतूही मुखपृष्ठावरच दिलाय. पण दोन माणसं बसली, एकाने हे केलं, दुसऱ्याने ते केलं, आणि तिसऱ्याने नंतर सांगितलं की इथे चुकलं, असं काही त्या प्रकारात बसत नाही. कोड्याला चूक नसते. कोड्याला फक्त उत्तर असतं.

डाव लिहून ठेवला की काय होतं याचं उदाहरण बंगालमध्ये आहे. जॉन कॉक्रन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात होते आणि खेळाडू म्हणून जबरदस्त होते. १८४८ च्या सुमारास त्यांची गाठ महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी पडली. इंग्रजीत त्यांना मोहेशचंदर बॅनर्जी म्हणतात. देशी नियमांवर घडलेला खेळाडू. पुढची कित्येक वर्षं दोघं खेळत राहिले, आणि कॉक्रननी ते डाव लिहून ठेवले. शेकडो. बॅनर्जी कडेची प्यादी एकेक घर सरकवून उंट कोपऱ्यातून लांबच्या तिरप्या रेषेवर ठेवायचे, देशी खेळाची सवय ती. तेव्हा युरोपात हे गावंढळ वाटायचं. पुढच्या शतकात त्याच पद्धतीला जगभर 'इंडियन डिफेन्स' म्हणायला लागले. १८५५ मधला त्यांचा एक डाव तर आज ग्रुनफेल्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावाचा सगळ्यात जुना ज्ञात डाव मानतात, ग्रुनफेल्ड जन्माला यायच्या कितीतरी आधीचा. बॅनर्जींसारखे खेळणारे पुण्यात, सांगलीत, मुंबईतही असतीलच की. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारा कोणी नव्हता, एवढंच.

म्हणून मी कुठल्याही मुलाला बुद्धिबळ शिकवायचं तर आधी वही देईन. मोठ्या स्पर्धांत चाली लिहाव्याच लागतात, तो नियमच आहे. घरी नसतो. ॲप मात्र न सांगता सगळं लिहून ठेवतं, आणि इतिहासात पहिल्यांदाच असं झालंय की अगदी सामान्य, हौशी माणसाचा प्रत्येक डाव जपून राहतोय. कॉक्रन प्रत्येकाच्या खिशात आहे. पण त्या साठ्याकडे परत कोण बघतं? आपण लगेच 'रिमॅच' दाबतो.

आता मुंबईतलं जवळचं उदाहरण. वरळीहून फार लांब नाही, गिरगाव. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी वासंती जिंकली, दुसऱ्या वर्षी जयश्री, तिसऱ्या वर्षी रोहिणी. तीन वर्षं, तीन बहिणी, एकच घर. त्यांच्या तालमीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण माझा आपला एक अंदाज आहे: ज्या घरात तुमचा प्रतिस्पर्धी रात्री त्याच ताटावर जेवायला बसतो, तिथे डाव संपल्यावर उठून जाता येत नाही. 'तू तिथे ती चाल का केलीस?' हा प्रश्न आमटी वाढताना येणारच.

रोहिणी १९७६ मध्ये तेरा वर्षांची होती. त्या वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, आणि त्यावरून मोठं वादळ झालं. प्रकरण जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. अध्यक्ष होते मॅक्स युव्ह, आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पुढे रोहिणीने १९८१ मध्ये आशियाई विजेतेपदही मिळवलं.

हे युव्ह आपल्या विषयासाठी फार कामाचे आहेत. १९३५ मध्ये अलेखिनला हरवून ते जगज्जेते झाले, पण पोटापाण्याला हॉलंडमध्ये गणिताचे मास्तर होते. हौशी जगज्जेता! त्यांनी वॉल्टर मायडन यांच्याबरोबर १९६३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ज्यात एका बाजूला उस्ताद आणि दुसऱ्या बाजूला हौशी खेळाडू, असेच डाव घेतलेत. दोन उस्तादांचा डाव बघून आपल्यासारख्यांना काय कळणार? तिथे चुका इतक्या बारीक असतात की दिसतच नाहीत. हौशी माणूस मात्र नेमकं काय बघतो, काय बघत नाही, त्याला कुठली चाल नैसर्गिक वाटते आणि ती का चुकीची आहे, हे युव्ह मास्तर फळ्याजवळ उभं राहून सांगावं तसं सांगतात. बीडीडीतले काका तेच करत होते. 'तुला काय दिसलं?'

सोव्हिएत रशियात बोत्विनिक या जगज्जेत्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं होतं. आपल्या डावांचं विश्लेषण नुसतं करू नका, छापा, असं तो सांगायचा. छापलं की दुसरे त्यातल्या चुका काढतात, आणि स्वतःशी लबाडी करायची सोय उरत नाही. त्याच्याच शाळेत शिकलेला कास्पारोव्ह १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाशी खेळला. दुसऱ्या डावात त्याने हार मान्य केली आणि उठून गेला. नंतर त्याच्याच साथीदारांनी ती शेवटची स्थिती तपासली तर शहावर शह देत बरोबरी साधायची वाट दिसली. जगातला सगळ्यात बलाढ्य खेळाडू, आणि वाट असताना उठला. यंत्र चुकणारच नाही, असं त्याने गृहीत धरलं होतं, असंच मला वाटतं. सामना तो अडीच विरुद्ध साडेतीनने हरला.

यंत्राबद्दल गैरसमज नको. स्टॉकफिश नावाचं इंजिन तुमच्या फोनवर फुकट चालतं आणि कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा चांगलं खेळतं. लिचेस या मोफत साइटवर तर 'आपल्या चुकांतून शिका' असं बटणच आहे. ते तुम्हाला चुकीच्या चालीपाशी नेऊन उभं करतं आणि दुसरी चाल शोधायला लावतं. कमाल सोय आहे. माझा आक्षेप एवढाच की ते नंतर वापरा. आधी समोरच्याबरोबर बसा. कारण इंजिनने दादाला सांगितलं की पाचवी चाल वाईट आहे, आणि दादा म्हणाला ॲप येडं आहे. काकांनी विचारलं, घोडा दिसला होता का, आणि दादा खरं बोलला. चाल कुठली चुकली ते यंत्र सांगतं. ती तुम्ही का केलीत, रील बघून, हावरटपणाने, घाईने की घाबरून, हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि ते समोर कोणी विचारणारं असलं तरच बाहेर येतं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये महिला विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. एकोणीस वर्षांची पोर, त्या विजयाने ग्रँडमास्टर झाली. तिचा आईला मिठी मारून रडतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. त्यानंतर तिने जे सांगितलं ते कमी जणांनी ऐकलं: शेवटच्या टप्प्यातला खेळ, म्हणजे एंडगेम, आपल्याला अजून शिकायला हवा, मध्ये आपण घोळ घातला होता. विश्वचषक हातात आहे आणि डोक्यात घोळ कुठे झाला हे चालू आहे!

बरं, वरळीला पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. काकांनी पट पुन्हा चौथ्या चालीपर्यंत नेला आणि दादाला म्हणाले, 'तुला तो सापळा लावायचाच आहे ना? मग घाई नको. आधी एच३ खेळ, त्याच्या उंटाला विचार, जातोस कुठे.' उंट मागे एच५ वर गेला. आता दादाने ई५ चं प्यादं मारलं. पोरगं या वेळी वजिराकडे बघतसुद्धा नव्हतं, त्याने शहाण्यासारखा घोड्याने घोडा मारला. पण आता उंट एच५ वर आहे, आणि ई५ चा घोडा तिथे पोचत नाही. दादाच्या वजिराने उंट फुकट खाल्ला. पोराने सी४ चा उंट घेतला. वजीर बी५ वर, शह. आणि पुढच्या चालीला सी४ चा घोडाही गेला. हिशेब केला तर दादा एक प्यादं पुढे. एच३ ची एक छोटी चाल, आणि पाचव्या चालीचा मूर्खपणा सहाव्या चालीला बरोबर ठरला.

'म्हणजे उंट एच५ ला न्यायचाच नाही,' पोरगं म्हणालं. 'एच३ आलं की घोडाच मारायचा.'

काका म्हणाले, 'बघ. मघाशी तुला येत नव्हतं ना?'

वरळीत आता टॉवर उभे राहिलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, घरात स्वतःचा संडास, लिफ्ट, चाळीसेक मजले. ज्यांनी शंभर वर्षं रांगा लावल्या त्यांना हे मिळायलाच हवं होतं, त्यात पॅसेजची हळहळ करणाऱ्या पाहुण्यांनी मध्ये बोलू नये, मी धरून. पण नव्या इमारतीत लिफ्टपासून दारापर्यंतच्या जागेत खुर्ची टाकून कोणी बसत असेल का, हे मला बघायचंय. पुढच्या महिन्यात जाणार आहे, माईक घेऊन.

तोवर तुमच्यासाठी काम. फोनमध्ये जपून राहिलेल्या शेकडो डावांतला एक निवडा. हरलेला नको, जिंकलेला. ज्याच्याशी खेळलात त्याला फोन करा, शक्य असेल तर समोर बसवा, इंजिन बंद ठेवा, आणि प्रत्येक पाचव्या चालीला एकमेकांना विचारा, काय दिसलं होतं. मग इंजिन लावा. दोन्हींत काय फरक पडला ते लिहून आम्हाला पाठवा. चांगले तीन डाव पुढच्या भागात पटावर मांडू. फक्त चाली नीट लिहा, सी६ चा घोडा मधूनच गायब करू नका.